प्रायश्चित्त कोणी कोणासाठी घ्यायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) निमित्ताने आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा एका वाक्यात सांगितला आहे. माणसांच्या पापांमुळे कोपलेल्या देवाचे रक्ताने समाधान व्हावे म्हणून एका निरपराध माणसाचा बळी देण्यात आला, असा त्या वाक्याचा आशय आहे. लेखाचा सूर दूषणाचा नाही, उलट आपुलकीचा आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले. लेखकाने हे वाक्य पदरचे घातले असेही मला म्हणता येणार नाही. आमच्याच कित्येक व्यासपीठांवरून ते जवळपास याच शब्दांत ऐकू येते, आणि अहिल्यानगरच्या एका मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूलचे वर्ग घेताना मी स्वतः बरीच वर्षे त्याच्या आसपासचेच काही सांगत आलो आहे. तरीही ते वाक्य चुकीचे आहे, आणि त्यातली चूक तपशिलाची नसून दिशेची आहे. कोण कोणाला काय देतो, हेच त्यात उलटे झाले आहे.

या उलटापालटीला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ज्या कल्पनेसाठी 'प्रायश्चित्त' हा शब्द येतो, तो भाषांतरकारांनी हिंदू धर्मशास्त्रातून उचलला. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय आणि याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय या विषयाला वाहिलेले आहेत, आणि तिथे प्रायश्चित्ताचा कर्ता कोण याबद्दल शंकेला जागा नाही: ज्याच्या हातून पाप घडले तोच. कृच्छ्र हे उपासाचे व्रत त्याने करायचे, चांद्रायणात चंद्राच्या कलेबरोबर घास वाढवायचे-कमी करायचे तेही त्यानेच. मराठी सार्वजनिक जीवनात हा शब्द सर्वांत गाजला तोही, योगायोगाने, एका ख्रिस्ती मिशनच्या आवारातल्या चहामुळे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल जे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले, त्यात न्यायमूर्ती रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, आणि लोकमान्य टिळकांनी आपण ते काशीस घेतल्याचे सांगितले. हा शब्द कानावर पडला की मराठी मनाला दोषी माणसाने वर पाहून केलेले काहीतरी आठवते. देवाने खाली वाकून केलेले काही या शब्दातून सहजासहजी सुचत नाही.

इतर शब्दांचेही असेच आहे. आपला जीव पुष्कळांच्या मुक्तीसाठी 'खंडणी' म्हणून देण्यास आलो आहे, असे येशू म्हणतो. आजच्या वर्तमानपत्रात खंडणी म्हणजे गुंडाने व्यापाऱ्याकडून उकळलेली रक्कम. मूळ ग्रीक शब्दामागे मात्र गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी मोजलेली किंमत आहे. 'बलिदान' आपण सीमेवरच्या जवानासाठी राखून ठेवले आहे, तर 'बळीचा बकरा' म्हणजे दुसऱ्याच्या चुकीसाठी फसवून पुढे केलेला बिचारा. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून आयुष्याच्या अखेरपर्यंत बायबलचे जे नवे मराठी भाषांतर केले, त्यात शास्त्रीपंडितांच्या परिभाषेतले शब्द टाळून साधी मराठी वापरण्याचा त्यांचा आग्रह होता. स्वतः शास्त्र्याच्या घरात संस्कृत शिकलेल्या बाईंना एकेका शब्दाच्या पोटात काय दडलेले असते ते पुरते ठाऊक होते. त्यांचे भाषांतर रूढ झाले नाही. त्यांची शंका मात्र रास्त होती.

आता मूळ विधीकडे वळू, कारण गैरसमजाचे मूळ तिथे आहे. अर्पणांचे नियम जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात आहेत आणि ते पुस्तक वाचायला कोरडे आहे हे मी कबूल करतो. पण त्याच्या सतराव्या अध्यायात या सगळ्या व्यवस्थेचे जे एकच स्पष्टीकरण मिळते, ते नीट पाहिले पाहिजे. देहाचे जीवन रक्तात असते आणि ते तुमच्या प्रायश्चित्तासाठी वेदीवर मीच तुम्हांला दिले आहे, असे तिथे देव म्हणतो. माणूस देवाला लाच देतो आहे असे हे चित्र नाही. ज्याने जीवन दिले तोच दुरावा मिटवण्याचे साधनही देतो आहे. शिवाय रक्त म्हणजे इथे मरण नव्हे, जीवन. पाचव्या अध्यायात तर त्याहून नवलाची सवलत आहे. पापार्पणासाठी कोकरू आणण्याची ऐपत नसेल त्याने दोन पारवे किंवा कबुतराची पिले आणावीत, आणि तेही जमत नसेल त्याने एफाचा (एफा हे धान्याचे माप) दहावा भाग सपीठ आणावे. त्या पिठात रक्ताचा थेंब नाही, तरी त्या गरिबाची क्षमा श्रीमंताच्या क्षमेइतकीच पुरी होते. कोपलेल्या देवाला रक्तच हवे असते, तर मूठभर पिठावर तो शांत कसा झाला असता? नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा लेखक नियमशास्त्राप्रमाणे रक्ताने 'बहुतेक' सर्व शुद्ध होते असे म्हणतो, तेव्हा त्या 'बहुतेक'मध्ये हे पीठ आले असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

वर्षातून एकदा येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचे वर्णन सोळाव्या अध्यायात आहे. त्या दिवशी महायाजक आपली दिमाखदार वस्त्रे उतरवून साधी तागाची वस्त्रे घालतो, आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पण करतो, आणि मग दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकतो. एक परमेश्वरासाठी, दुसरा अजाजेलासाठी. पहिल्याचा वध होतो आणि त्याचे रक्त परमपवित्रस्थानात, म्हणजे पवित्रस्थानाच्या सर्वांत आतल्या भागात, कराराच्या कोशावरच्या झाकणावर, म्हणजे दयासनावर, शिंपडले जाते. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून महायाजक लोकांची सगळी पापे कबूल करतो आणि मग त्याला रानात सोडून देतात. ज्याच्यावर पापे लादली तो बकरा मारला जात नाही आणि जो मारला जातो त्याच्यावर पापे लादलेली नसतात, ही गोष्ट आम्ही उपदेशकही विसरतो. पुढच्या काळात त्या दुसऱ्या बकऱ्याला कड्यावरून लोटत असत, असे यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथात आहे. पण मोशेच्या नियमात तसे नाही. म्हणजे माणसाची शिक्षा जनावराला दिली जाते, ही कल्पना या विधीत मुळात सापडतच नाही. जेकब मिलग्रॉम या यहुदी अभ्यासकाने लेवीयाच्या आपल्या प्रचंड भाष्यात दाखवले आहे की, त्या दिवशीचे रक्त माणसांवर नव्हे तर पवित्रस्थानावर शिंपडले जाते, कारण लोकांच्या पापांनी देवाचे घर मळले आहे आणि मळलेल्या घरात तो लोकांमध्ये राहू शकत नाही. विधीचा हेतू देवाने सोडून जाऊ नये, सोबत राहावे, हा आहे. मूळ हिब्रू धातूत झाकणे आणि पुसून टाकणे या अर्थच्छटा आहेत.

आणि तरीही येशूचे मरण प्रायश्चित्ताच्या दिवशी झाले नाही, ते वल्हांडणाच्या सणात झाले. 'ओलांडणे'शी नाते सांगणारा हा मराठी शब्द आमच्या भाषांतरकारांनी फार सुरेख योजला आहे. वल्हांडणाचे कोकरू हे पापार्पण नव्हतेच. मिसरच्या गुलामगिरीतून सुटण्याच्या रात्री घराघरांत ते कापले गेले, त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावले गेले, आणि कंबर कसून, पायांत जोडे घालून ते घाईघाईने खाल्ले गेले. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला पहिल्याच अध्यायात देवाचा कोकरा म्हटले आहे, आणि शेवटी वधस्तंभावर त्याचे हाड मोडले गेले नाही हे मुद्दाम नोंदवले आहे, कारण वल्हांडणाच्या कोकराचे हाड मोडू नये असा नियम होता. पापक्षमेइतकाच दास्यातून सुटकेचा अर्थ त्या मरणाला पहिल्या पिढीने दिला होता. आपल्या लेखात या सणाचा उल्लेख आहे, पण तो केवळ तारखेपुरता.

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात एक ग्रीक शब्द वापरला आहे, हिलास्टेरियोन, आणि त्यावर विसाव्या शतकात विद्वानांचे जोरदार वाद झाले: देवाचा राग शमवणे असा त्याचा अर्थ घ्यायचा, की पाप पुसणे असा? वाद महत्त्वाचा आहे. पण हाच शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कोशावरच्या दयासनासाठी आला आहे, आणि इब्री लोकांस पत्रातही त्याच अर्थाने आला आहे, हे पाहिले की पौलाच्या मनातले चित्र उलगडते. वर्षातून एकदा एकटा महायाजक ज्या पडद्याआड जाई, तिथली ती जागा आता पडद्याआड राहिली नाही, ती उघड्यावर, वेशीबाहेर, सर्वांसमोर मांडली गेली, असे तो सांगतो. मांडणारा कोण? देव. क्रियापदाचा कर्ता देव आहे, आणि नव्या करारात या विषयावर जिथे जिथे वाचावे तिथे बहुधा तोच कर्ता सापडतो. करिंथकरांना तर पौल स्पष्ट लिहितो की, ख्रिस्तामध्ये देव स्वतःशी जगाचा समेट करत होता. जगाशी देवाचा समेट घडवावा लागला असे त्याने लिहिलेले नाही. रुसलेला कोणी असेल तर ते जग आहे.

इथे आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. ज्याने करावे त्यानेच भरावे. एकाचे कर्म दुसऱ्याने भोगणे हा न्याय कसा? मिशनऱ्यांशी वाद घालणाऱ्या शास्त्र्यांनी तो घेतला, आणि आजही चावडीवर तो घेतला जातो. तो बाहेरून आलेला आक्षेप आहे असे समजून आमचे लोक चिडतात, ते बरोबर नाही, कारण तो पवित्र शास्त्रातच आहे. जो जीव पाप करील तोच मरेल, मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही, असे यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात बजावले आहे. तेव्हा पापाचे गाठोडे एकाच्या डोक्यावरून काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवले, असे जर वधस्तंभाबद्दल कोणी सांगत असेल, तर यहेज्केल त्याच्या विरुद्ध साक्ष देईल. पौल तसे सांगत नाही. त्याचा आवडता शब्दप्रयोग 'ख्रिस्तात' असा आहे. आपण त्याच्याबरोबर मेलो, त्याच्याबरोबर पुरले गेलो, त्याच्याबरोबर उठवले जाऊ, असे तो बाप्तिस्म्याच्या संदर्भात लिहितो. ख्रिस्त आपल्याऐवजी मेला इतकेच त्याला म्हणायचे नाही, आपण त्याच्या मरणात सामील झालो असेही म्हणायचे आहे. वाटेल त्या परक्याने येऊन दंड भरावा तसे हे नाही. घराच्या कर्त्या पुरुषाने घराचे देणे आपल्या शिरावर घ्यावे आणि त्यानंतर घरातला प्रत्येक जण नव्याने उभा राहावा, तसे काहीसे आहे. उपमा अपुरी आहे, पण दंडाच्या पावतीपेक्षा बरी.

मग सरळ क्षमा का करू नये, मरणाची गरजच काय, असा पुढचा प्रश्न येतो, आणि तो विचारणारे येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्याकडे, म्हणजे मालमत्ता उधळून घरी परतलेल्या मुलाच्या बोधकथेकडे, बोट दाखवतात. तिथल्या बापाने ना यज्ञ मागितला ना दंड. (एक पुष्ट वासरू कापले गेले हे खरे, पण ते जेवणासाठी!) हा प्रश्न मला स्वतःला पुष्कळ दिवस छळत होता, आणि त्याचे उत्तर मला मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दुसऱ्या दाखल्यात मिळाले. एका राजाचा दास 10,000 तालांत देणे लागतो. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे देणे सुमारे 6 कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. राजाला दया येते आणि तो सगळे सोडून देतो. तोच दास बाहेर पडून 100 दिनारांसाठी सोबतीच्या दासाचा गळा धरतो. दाखल्याचा रोख त्या दासाच्या निर्दयपणावर आहे हे खरे, पण 6 कोटी दिवसांच्या त्या मजुरीचे पुढे काय झाले? ती हवेत विरून गेली नाही, राजाच्या वहीत ती तूट म्हणून राहिली. कर्जमाफीच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको: कर्ज माफ होते तेव्हा ते नाहीसे होत नाही, ते सोसणारा बदलतो. मनाच्या व्यवहारातही असेच होते. भावाने फसवले आणि मी त्याला खरोखर माफ केले, तर जी भरपाई त्याने मला द्यायला हवी होती ती मीच माझ्या पोटात घालतो. स्वस्तात झालेली क्षमा बहुधा क्षमा नसते, विसर असतो. उधळ्या पुत्राच्या बापानेही मालमत्तेचा मोठा वाटा आणि गावातली अब्रू गमावलीच होती, आणि म्हातारपणी रस्त्यावरून धावत जाऊन उरलीसुरली अब्रूही त्याने सोडून दिली. वधस्तंभ म्हणजे ती सोसण्याची जागा आहे, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. तिथे देव कोणाकडून वसुली करत नाही, तोटा आपल्या अंगावर घेतो.

संडे स्कूलमध्ये मी मुलांना एक गोष्ट सांगत असे. अनेक पाळक ती सांगतात. न्यायाधीश गुन्हेगाराला शिक्षा ठोठावतो, आणि मग त्याचा स्वतःचा मुलगा पुढे होऊन ती शिक्षा भोगतो. एकदा दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "सर, पोराला कशाला पाठवलं? न्यायाधीश स्वतः का नाही गेला?" मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तिच्या प्रश्नात मात्र, पुत्र हा देवच आहे की नाही, या चौथ्या शतकातल्या सगळ्या वादाचा अर्क होता. पिता आणि पुत्र हे दोन वेगळे पक्ष आहेत असे मानले, की ही गोष्ट क्रूर होते, आणि आपल्या लेखातले वाक्य अटळ ठरते. पुत्र हा देवच आहे, असे निकेयाच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, दर रविवारी म्हणायचे आणि वधस्तंभापाशी आल्यावर मात्र त्याला तिऱ्हाईत समजायचे, ही आमची विसंगती आहे. न्यायाधीश स्वतःच गेला होता, हे त्या मुलीला द्यायचे उत्तर होते.

विशेष म्हणजे त्याच मतांगीकारात तो 'आमच्यासाठी' वधस्तंभावर खिळला गेला एवढेच आहे. कसे आणि का, याचा सिद्धांत कोणत्याही प्राचीन महासभेने ठरवून दिला नाही. म्हणून स्पष्टीकरणे अनेक झाली. खंडणी सैतानाला दिली असे काही प्राचीन आचार्य सांगत. चौथ्या शतकातल्या नाझियांझसच्या ग्रेगरीने ते फेटाळले, आणि ज्या पित्याने अब्राहामाच्या मुलाचा, इसहाकाचा, बळी घेतला नाही त्याला पुत्राचे रक्त कसे रुचेल, असाही प्रश्न केला. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अँसेल्मने सरंजामी समाजातली मानमर्यादेची भाषा वापरली: पापाने देवाचा मान हिरावला, तो भरून निघाला पाहिजे. पण त्याच्याही मांडणीत भरपाई हा शिक्षेला पर्याय आहे, म्हणजे भरपाई झाली की शिक्षा उरत नाही. बाराव्या शतकातल्या अबेलार्ड या फ्रेंच विचारवंताने त्या मरणात माणसाचे मन पालटणारे प्रेम पाहिले. शिक्षा ख्रिस्ताने भोगली ही मांडणी ठळक झाली ती सोळाव्या शतकात, आणि ती नेटाने मांडणारा धर्मसुधारक कॅल्व्हिन तरुणपणी कायदा शिकलेला होता, हा काही निव्वळ योगायोग नसावा. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्या आजही पुनरुत्थानाच्या रात्री, ख्रिस्ताने मरणाने मरणाला तुडवले, असेच गातात.

कोर्टाची भाषा टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात आमच्या अपराधांमुळे घायाळ झालेला सेवक आहे, आणि त्याला ठेचावे हे परमेश्वराच्या मर्जीस आले, असे कठोर शब्दही तिथेच आहेत. ते पुसून टाकून सोयीचा, कधीच न रागावणारा देव उभा करणे म्हणजे अन्याय झालेल्या माणसाच्या बाजूने कोणीच नाही असे म्हणण्यासारखे होईल. ज्याची जमीन बळकावली गेली, ज्याला पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्याला देवाच्या रागाची बातमी ही चांगलीच बातमी असते. पण त्याच अध्यायात, आम्ही त्याला देवाने मारलेला समजलो, अशी कबुलीही आहे. 'समजलो' हा शब्द अधोरेखित करण्याजोगा आहे.

वसई आणि गोव्यातील कॅथलिक बांधव मिस्सेला यज्ञ म्हणतात आणि आम्ही प्रभुभोजन म्हणतो, त्यावरून चार शतकांहून अधिक काळ वाद आहेत. त्यात इथे शिरत नाही. कॅल्व्हरीवरचे, म्हणजे येशूला वधस्तंभी दिले त्या जागेवरचे, अर्पण एकदाच आणि कायमचे झाले, त्यात आता माणसाने भर घालायची नाही, एवढे दोघांनाही मान्य आहे.

आपल्याला विनंती एवढीच आहे की, पुढच्या वर्षी या सणावर लेख छापताना 'कोपलेल्या देवाच्या समाधानासाठी' हे शब्द वगळावेत, आणि जागा असल्यास वल्हांडणावर चार ओळी घालाव्यात. लेवीयाच्या पाचव्या अध्यायातले ते पीठही कोणी लेखात आणले, तर मला आनंद होईल. त्या मुलीला द्यायचे उत्तर मात्र मलाच द्यायला हवे. ती आता दुसऱ्या शहरात शिक्षिका आहे असे कळते, आणि या पत्राची एक प्रत मी तिला पाठवत आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
अहिल्यानगर